जुनं १८ इंची एंटरप्राइज किट: नॅसेल लवल्यात, रंग थापलाय, आत दिवे घालायचेत. सुरुवात कुठून करू?

शहापूर_हौशी

नमस्कार मंडळी. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळयानाचं, एएमटी कंपनीचं जुनं १८ इंची प्लास्टिक किट हाताला लागलंय. पूर्वी कुणीतरी जोडून रंगवलेलं. अवस्था अशी:

दोन्ही नॅसेल (यानाच्या इंजिनांच्या लांब नळ्या) लवल्यात, डावी जास्त. मागून बघितलं तर दोन्हींच्या उंचीत ६ मिमीचा फरक. जोडणी ट्यूबमधल्या घट्ट गोंदानं केलेली, सांध्यातून बाहेर येऊन वाळून पिवळा झालाय. वर ब्रशनं करड्या रंगाचे जाड थर. कापसाला स्पिरिट लावून घासलं तर रंग सुटत नाही, म्हणजे इनॅमल असावा. नॅसेलच्या पुढच्या पारदर्शक घुमटांपैकी एक आहे तो पिवळा, दुसरा गायब. बशीवर (यानाचा पुढचा चपटा गोल भाग) उठावदार रेषांची जाळी आहे. डेकलचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या अक्षरांचा) कागद न वापरलेला मिळालाय, पण पिवळट आणि कडक. डबा नाही, सूचनापत्रक नाही.

करायचंय असं: मॉडेल सरळ व्हावं, नॅसेलच्या तोंडाशी फिरल्यासारखा नारिंगी उजेड दिसावा, बशीच्या काही खिडक्या उजळाव्यात. सगळं ५ व्होल्ट यूएसबीवर. सामान जमेल तेवढं बेळगावातच मिळालं तर बरं, बाकीचं ऑनलाइन मागवेन. आणि पाऊस लागलाय, तर रंगाचं काम पुढं ढकलू का?

अनगोळ_स्टायरीन

आधी एक तपासा. १९६६ च्या पहिल्या आवृत्तीत बल्ब आणि बॅटरीची सोय होती, नंतर ती काढून टाकली. आत बल्बची बैठक, तारेच्या खोबणी असं काही दिसलं तर तुमच्याकडं सुरुवातीचं किट आहे. तसं असेल तर भोकं पाडायच्या आधी चार दिवस विचार करा. डबा नाही आणि वर रंगाचे थर आहेत, म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत तशीही उतरलीच. तरी जुने बल्बचे भाग निघाले तर फेकू नका, पिशवीत घालून ठेवा.

रंग काढायला कॉस्टिक सोडा. इनॅमल म्हणजे तेलाचा रंग, कॉस्टिक त्या तेलाचा साबण करतो आणि पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, मात्र काही करत नाही. केमिकलच्या दुकानात पापुद्र्यांच्या रूपात मिळतो. झाकणाच्या प्लास्टिक टबात १ लिटर गार पाणी, त्यात ५० ग्रॅम कॉस्टिक थोडा थोडा सोडायचा. पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, उसळून अंगावर येतं. द्रावण तापतं, ते पूर्ण गार झाल्यावरच भाग बुडवा, नाहीतर पातळ भाग वाकतील. रबरी हातमोजे आणि डोळ्याला बंद गॉगल लागतोच, चष्मा पुरत नाही. अॅल्युमिनियमचं भांडं, चमचा जवळ आणू नका, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो.

१२ तासांनी एक भाग काढून जुन्या टूथब्रशनं पाण्याखाली घासा. रंग कातड्यासारखा सुटायला लागला की झालं. नाही सुटला तर २४ तास, तरीही चिवट असेल तर १०० ग्रॅमचं द्रावण. त्याउपर अडलं तर रंग इनॅमल नसून अॅक्रिलिक आहे असं समजा आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पारदर्शक भागांना मात्र अल्कोहोल लावू नका. जुन्या काचेसारख्या स्टायरीनमध्ये ताण राहिलेला असतो, सॉल्व्हंट लागला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

कुणी ब्रेक ऑइल सुचवेल. डॉट ३ नं रंग निघतो हे खरं, पण जुनं प्लास्टिक ठिसूळ होऊ शकतं आणि कोपऱ्यातलं तेल धुऊन निघत नाही, मग नवा रंग तिथंच सुटतो. डेटॉलही चालतं. त्यात भिजवल्यावर एकदम नळाखाली धरलं तर रंगाचा चिकट गोळा होऊन खोबणीत बसतो, म्हणून आधी डेटॉलमध्येच घासून पुसायचं, पाणी नंतर. एनसी थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांची बाटली त्या खोलीतसुद्धा नको.

रंग उतरल्यावर सांधे स्पष्ट दिसतील. मग भाग फ्रीजरमध्ये दोन-तीन तास ठेवा. जुना गोंद थंडीनं आणखी कडक होतो, बोथट पातं सांध्यात घालून हलकं पिरगाळलं की बराचसा टक्-टक् करत सुटतो. जिथं गोंदानं प्लास्टिकच विरघळून एकजीव झालंय तिथं जोर करू नका, करवत लावा. सोनारकामाच्या करवतीचं ४/० नंबरचं पातं पुरे. निपाणीकडं जाणं होत असेल तर हुपरी जवळच, चांदीकामाची सगळी बारीक हत्यारं तिथं मिळतात.

उद्यमबाग_लेथ

पायलॉनचं, म्हणजे नॅसेल धरणाऱ्या फळ्यांचं सांगतो, कारण या जहाजात सगळी मेख तिथंच आहे. एवढ्या लांब नॅसेल दोन पातळ फळ्यांवर तोललेल्या, आणि त्या फळ्या खाली बॉडीतल्या छोट्या खाचेत अडकवलेल्या. त्यात पॉलिस्टायरीन सतत ओझ्याखाली हळूहळू वाकत राहतं, उन्हाळ्यात काचेच्या कपाटात तर जास्तच. म्हणून नुसतं गरम पाण्यात घालून सरळ केलं तर वर्षभरात परत जिथल्या तिथं. सरळ करायचं आणि आत धातू घालायचा, दोन्ही हवं.

पायलॉन सुटा केल्यावर काचेवर ठेवून बघा. वाकलेला असेल तर दोन काचांच्या मध्ये धरून क्लिप लावा, ७० अंशाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग क्लिपा न काढता गार पाण्यात. थर्मामीटर वापरा. ८५ च्या पुढं गेलात तर कडा गोल होतात आणि ते परत येत नाही.

आता काडी. बहुतेक जण मध्ये एकच काडी घालतात आणि तिथंच चुकतं. एका काडीवर नॅसेल खाली बसत नाही, पण काडीभोवती फिरते, नाक वर आणि शेपूट खाली. दोन काड्या हव्यात, एक पुढच्या कडेला, एक मागच्या, मधलं अंतर १२ ते १५ मिमी. १.६ मिमीची पितळी ब्रेझिंगची काडी घ्या, वेल्डिंगच्या सामानात मिळते. सायकलच्या चाकाची तार २ मिमी आणि जास्त ताठ असते, पण तिला साधं सोल्डर नीट धरत नाही. पितळ का हवं ते खाली निपाणीवाले सांगतीलच.

पायलॉनच्या आतल्या बाजूला, म्हणजे दोन नॅसेल एकमेकींकडं बघतात त्या बाजूला, काडी जेमतेम बसेल एवढी चर पाडा. बाजूनं बघणाऱ्याला बाहेरची बाजू दिसते, ती अखंड राहू दे. आधी जाडी कॅलिपरनं मोजा. चराच्या खाली कमीत कमी १ मिमी प्लास्टिक उरायला हवं. उरत नसेल तर १.२ ची काडी घ्या. स्टीलची पट्टी टेपनं चिकटवून कटरची मागची बाजू ओढत चर खोल करत न्यायचा. फिरत्या ग्राइंडरनं करू नका, उष्णतेनं प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं आणि चर वाकडा होतो.

काडी वरच्या टोकाला नॅसेलमध्ये १० मिमी आणि खाली बॉडीत २० ते २५ मिमी जायला हवी. बॉडीत ती नुसती लोंबकळत ठेवून उपयोग नाही. पाटी बनवणाऱ्याकडून ३ मिमी अॅक्रिलिकच्या दोन तबकड्या लेझरनं कापून घ्या, बॉडीच्या आतल्या मापाच्या. एकात पुढच्या दोन काड्यांची भोकं, दुसरीत मागच्या दोनची. डावी-उजवी दोन्हीकडच्या काड्या याच तबकड्यांत अडकतात, त्यामुळं वजन प्लास्टिकच्या खाचेवर न येता आतल्या सांगाड्यावर येतं. अॅक्रिलिकच हवं, अॅल्युमिनियम नको. काड्यांतून वीज न्यायची असेल तर त्या एकमेकींना धातूनं जोडल्या जाता कामा नयेत.

चिकटवायला अॅराल्डाइट स्टँडर्ड, दोन्ही ट्यूबमधलं सारखं घेऊन पूर्ण एकजीव करून. पाच मिनिटवालं नको. ते पूर्ण कडक होत नाही, उन्हाळ्यात ओझ्याखाली सरकतं, आणि मुख्य म्हणजे जुळवायला वेळच देत नाही. पितळ १२० च्या पॉलिश पेपरनं खरबरीत करून अल्कोहोलनं पुसा, मग बोट लावू नका.

जुळवणी डोळ्यानं होत नाही. ५ मिमी सनबोर्ड आणा, फ्लेक्सवाल्यांकडं तुकडे पडलेले असतात. समोरून दिसणारा आराखडा मॉडेलच्या मापात छापा (मॉडेलची प्रत्यक्ष लांबी मोजून प्रमाण ठरवा, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका), तो सनबोर्डवर चिकटवून नॅसेलच्या गोलाईची खोबण कापा. अशा दोन चौकटी, एक पुढं, एक मागं, एकाच पाटावर काटकोनात उभ्या. अॅराल्डाइट लावून मॉडेल त्यात बसवलं की तीन मापं घ्या. दोन नॅसेलमधलं अंतर पुढं आणि मागं सारखं पाहिजे. बशीच्या पुढच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक नॅसेलच्या मागच्या टोकापर्यंत दोरा लावून दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत. बाजूनं बघताना नॅसेल बॉडीच्या अक्षाला समांतर पाहिजे. कर्णात १ मिमीपर्यंत फरक चालेल, त्याहून जास्त डोळ्याला खुपतो. मग २४ तास हात लावायचा नाही.

निपाणी_सोल्डर

काकांनी पायलॉनच्या काड्या पितळी सांगितल्या ते बरं केलं. एक काडी पाच व्होल्ट, दुसरी ग्राउंड. नॅसेलपर्यंत एकही तार न्यायला नको. पण त्यासाठी फिरत्या दिव्यांचं सर्किट नॅसेलच्या आतच बसायला हवं. सर्किट स्टँडमध्ये ठेवलं तर पाच दिव्यांच्या पाच तारा आणि एक कॉमन, अशा सहा तारा प्रत्येक पायलॉनमधून ओढाव्या लागतात.

नॅसेलचा आतला व्यास साधारण इंचभर, मोजून खात्री करा. त्यात एटीटाइनी ८५ ही प्रोग्राम करता येणारी छोटी चिप सहज मावते. तिच्या पीबी० ते पीबी४ अशा पाच पायांवर पाच नारिंगी ३ मिमी एलईडी, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर. नारिंगी एलईडीवर २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट ३३० मधून म्हणजे ९ मिलिअँपिअर. पुरे आहे, उलट डोळ्याला जास्तच वाटेल. मध्यभागी एक लाल एलईडी १ किलोओहमवर कायम चालू ठेवा, त्यामुळं दिवा फिरताना मधला भाग काळा पडत नाही. चिपच्या सप्लायला लागून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घालाच, नाहीतर चिप मध्येच रीसेट होऊन दिवे अडखळतात.

प्रोग्राममध्ये एक दिवा विझून दुसरा पेटतो असं करू नका, ते मिरवणुकीच्या रोषणाईसारखं दिसतं. एक मंद होत असताना पुढचा उजळत गेला पाहिजे, एका पायरीला ८० ते १२० मिलिसेकंद. पाचही पायांवर हार्डवेअर पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करायची चिपमधली सोय) नाही, सॉफ्टवेअरनं करावं लागतं, पण एवढ्या कामाला चिपचा आतला ८ मेगाहर्ट्झ भरपूर. डाव्या नॅसेलचा क्रम उजवीच्या उलट ठेवा.

प्रोग्रामिंग नको असेल तर ५५५ आणि सीडी ४०१७ या चिपांची जुनी जोडी आहेच. ५५५ ला १० के, १०० के (किलोओहम) चे रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलात तर सेकंदाला सुमारे ७ ठोके. ४०१७ च्या ३, २, ४, ७, १० या पायांवर ओळीनं पाच दिवे, पाय १ जोडायचा १५ ला म्हणजे पाचानंतर परत पहिला, १३ ग्राउंडला, १४ वर ठोके. अडचण एवढीच की ५ व्होल्टवर ४०१७ चा पाय फार थोडा करंट देतो, दिवे मिणमिणतात. प्रत्येक पायाला ४.७ के आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावा किंवा सगळं ९ व्होल्टवर चालवा. तुम्हाला यूएसबीच हवंय, म्हणून मी एटीटाइनीकडं झुकतो.

एक सावधगिरी. पितळी काडीला तार सोल्डर करायची ती काडी चरात बसवण्यापूर्वी. पितळ उष्णता लगेच पलीकडं नेतं, आणि बसवल्यावर सोल्डरिंग केलंत तर चर आतून वितळून काडी सैल होते, बाहेरून काही दिसतसुद्धा नाही.

बशीतल्या आणि मानेतल्या (बशी आणि बॉडी जोडणारा भाग) वायरिंगला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची एनॅमल तार वापरा, ३६ नंबर. आपल्याकडं पंपसेटमुळं गावागावात रिवाइंडिंगवाले आहेत, तुकडे सहज मिळतात. मोटारीच्या तारेवरचं आवरण चिवट असतं, सोल्डरिंगच्या उष्णतेनं जात नाही, ब्लेडनं चारी बाजूंनी खरवडावं लागतं. वरून सोल्डर चिकटल्यासारखं दिसतं आणि आत संपर्कच नसतो, म्हणून प्रत्येक सांधा मल्टीमीटरनं तपासा.

खिडक्यांना उबदार पांढरे एलईडी, प्रत्येकी २२० ओहम. ३.१ व्होल्ट एलईडीवर जातात, साडेआठ मिलिअँपिअर मिळतो. बशीला चार, बॉडीला दोन पुरतात. एलईडीचं डोकं कानशीनं सपाट करून पॉलिश पेपर मारा, म्हणजे उजेड पसरतो. आत पांढरा रंग असेल तर खिडक्यांच्या मागं दिवा थेट यायला नको, परावर्तित उजेडच चांगला दिसतो.

शहापूर_हौशी

कॉस्टिकनं काम केलं, १६ तासांत रंग सालपटासारखा निघाला. बॉडी आणि पायलॉन सुटे झाले. पहिली आवृत्ती नाही, आत बल्बची सोय नाही, म्हणजे मोकळा हात. आता तीन शंका. एक, सांध्यात अर्धा-पाऊण मिमीची फट राहतेय, काय भरू? दोन, इथले पाटी बनवणारे अॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, ते किटला चालेल का? तीन, गायब घुमटाचं काय करू?

चिकोडी_रंगकाम

क्लोरोफॉर्मनं स्टायरीन चिकटतं, पण नको. स्टायरीनला ते फार जोरात विरघळवतं, पातळ कडेवर जरा जास्त सांडलं तर बाहेरून खड्डा पडतो. शिवाय बंद खोलीत श्वासातून जाणारं ते द्रव्य आहे, यकृताला वाईट. मॉडेलसाठीचा पातळ लिक्विड सिमेंट ऑनलाइन मिळतो, ४० मिलीची बाटली दोन-तीन मॉडेलना पुरते. सांधा घट्ट दाबून ब्रश नुसता टेकवायचा, द्रव आपोआप आत खेचला जातो.

अर्ध्या मिमीच्या फटीला एखाद्या स्टायरीन किटच्या फ्रेमच्या काड्या बारीक कापून त्या लिक्विड सिमेंटमध्ये विरघळवा, मधासारखं दाट. भरल्यावर दोन दिवस वाळू द्या, कारण आतून मऊ असताना घासलं तर नंतर ते आक्रसून रेघ परत दिसते. लहान खड्ड्यांना फेविक्विक आणि टाल्कम पावडर. हे तासाभरातच घासून घ्या, दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक झालेलं असतं आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिकच खाली जातं. गाडीची एनसी पुट्टी वापरायचीच तर अगदी पातळ थर, जाड लावली तर तिच्यातला थिनर प्लास्टिकला खातो. एम-सील फक्त आतून आधाराला.

बशीवरच्या उठावदार रेषा घासून टाका असं माझं स्पष्ट मत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात मालिकेच्या चित्रीकरणाचं मूळ ११ फुटी मॉडेल आहे, २०१६ साली त्याची डागडुजी होऊन ते परत मांडलं गेलं. त्याच्या बशीच्या वरच्या बाजूचा रंग १९६० च्या दशकातलाच राखलाय आणि त्यावरची जाळी पेन्सिलनं काढलेली आहे. १८ इंचात उठावदार रेष म्हणजे प्रत्यक्ष जहाजावर ठळक बांध झाला. ४०० चा पेपर पाण्यात भिजवून, सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासा, मग ८००. नुसत्या बोटानं घासलं तर बशीला लाटा येतात. जाळी हवीच असेल तर मॅट रंगावर २एच पेन्सिल, ०.३ मिमी, आणि वरून क्लिअर लॅकरचा (पारदर्शक रंगाचा) हलका फवारा. ब्रशनं क्लिअर लावलात तर शिसं पुसटून राखाडी धब्बे होतात.

घुमटासाठी दातांची लॅब गाठा. दातांच्या क्लिपा, रिटेनर बनवायला त्यांच्याकडं व्हॅक्यूमचं छोटं यंत्र असतं, १ मिमीची कडक पारदर्शक शीट तापवून साच्यावर ओढायचं. तुमच्याकडच्या घुमटाच्या आत व्हॅसलिनचा पुसट हात फिरवून डेंटल स्टोन प्लास्टर भरा, निघाला की तोच साचा. साच्याखाली ५ मिमीचा गोल चौथरा ठेवा, नाहीतर शीट कडेला वळते आणि घुमटाची खालची कड गोल येते. दोन्ही घुमट नवेच ओढून घ्या, एक जुना एक नवा ठेवला तर उजेडात फरक कळतो. आतून ८०० नं घासून पारदर्शक नारिंगी रंगाचा एक हात.

फक्त ते बसवताना फेविक्विक नको, त्याच्या वाफेनं पारदर्शक भागावर पांढरं धुकं बसतं. फेविकॉल लावा. कधी दिवा बदलायचा झाला तर घुमट काढताही येईल.

रंगाआधी उजेड बंद करणं विसरू नका. पॉलिस्टायरीनमधून एलईडीचा उजेड आरपार जातो आणि अख्खी बशी कंदिलासारखी दिसते. आतून आधी काळ्याचे दोन हात, त्यावर पांढऱ्याचा एक. उलट क्रम चालत नाही. भोकं पाडून मग आत रंग मारलात तर खिडक्या बुजतात, म्हणून आधी रंग, मग भोकं. पीसीबीचं ०.८ मिमीचं ड्रिल बिट आणि हातानं फिरवायचा पिन व्हाइस घ्या. आयताकृती खिडकीला दोन भोकं शेजारी पाडून मधलं कानशीनं काढा. मग दिवे लावून, मॉडेल टेपनं बंद करून, अंधाऱ्या खोलीत बघा. सांध्यातून एक रेघ जरी चमकली तरी उघडून काळा लावायचा. चिकटवल्यावर काही करता येत नाही.

पावसाचं म्हणाल तर सांगाडा, वायरिंग, घासकाम हे सगळं आत्ता करा. लॅकर मात्र बेळगाव-खानापूरच्या पावसात मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. आर्द्रतामापक घेऊन ठेवा, ७० टक्क्यांखाली आला की मारा. बरेचदा तो मुहूर्त दसऱ्यानंतरच लागतो. चिकोडी-निपाणीकडं पाऊस कमी, आम्हाला मधल्या उघडिपीत जमून जातं. रंग फिका करडा, त्यात हिरव्याची अगदी पुसट झाक. ज्या दिव्याखाली मॉडेल ठेवणार त्याच दिव्याखाली नमुना बघून ठरवा, पिवळ्या बल्बखाली ती झाक भलतीच उठते. रंगाचा पहिला हात धुक्यासारखा कोरडा, कारण गाडीच्या स्प्रेमधला थिनर ओला बसला तर नुकतंच घासलेलं प्लास्टिक खडबडीत होतं.

अनगोळ_स्टायरीन

डेकल राहिलेत. पाण्यात घालण्याआधी ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, बिघडले तर तेवढाच आधार. कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, चार-सहा दिवस चांगलं ऊन मिळालं की पिवळेपणा बराच उतरतो. पावसात ऊन नाही, म्हणून हेही दसऱ्यानंतर. कडक झालेल्या कागदावर क्लिअर लॅकरचा एक फवारा मारून वाळवा, मग प्रत्येक डेकल स्वतंत्र कापा, कारण आता सगळ्यावर एकच पडदा झालेला असतो. आधी नको असलेला एखादा कोमट पाण्यात सोडून परीक्षा घ्या. तुकडे झालेच तर स्कॅनवरून पारदर्शक डेकल कागदावर लेझर प्रिंट काढा. फिक्या बॉडीवर काळी आणि लाल अक्षरं आहेत, पांढरी शाई लागत नाही, त्यामुळं घरचा प्रिंट इथं खरोखर चालतो.

आणि चिकोडीवाले दादा, मूळ मॉडेलचाच दाखला द्यायचा तर त्या ११ फुटीच्या डाव्या बाजूनं वायरी बाहेर काढलेल्या होत्या, चित्रीकरण उजवीकडूनच व्हायचं आणि डावी बाजू पूर्ण सजवलेलीच नव्हती. म्हणून डाव्या खिडक्या 'अचूक' कुठं, यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. उजवीकडच्या आरशासारख्या उलट्या करून पाडा.

चिकोडी_रंगकाम

ताई, तो मुद्दा मान्य. पण उठावदार रेषा तरी घासायच्याच!

शहापूर_हौशी

दोन नॅसेलची सर्किटं टेबलावर चालू झाली, सगळे दिवे मिळून मीटरवर ९० मिलिअँपिअरच्या आसपास. पण पॉवर बँकेवर लावलं की अर्ध्या मिनिटात बंद. चार्जरवर व्यवस्थित चालतंय. कुठं शॉर्ट असेल का?

निपाणी_सोल्डर

शॉर्ट नाही. करंट कमी दिसला की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल भरला, आणि ती स्वतःच बंद होते. किती खाली गेल्यावर ते प्रत्येक बँकेचं वेगळं. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो, तो आहे का बघा. खोटा भार म्हणून ४७ ओहमचा रेझिस्टर लावता येतो, पण तो १०६ मिलिअँपिअर नुसता तापण्यात घालवतो, अर्ध्या वॉटच्या वर. लावलात तर १ वॉटचा घ्या आणि स्टँडच्या बाहेर, मॉडेलमध्ये नाही. कायम मांडून ठेवायचं असेल तर जुना मोबाइल चार्जरच बरा.

स्टँडमध्ये यूएसबीची केबल थेट घुसवू नका, ५.५ बाय २.१ मिमीचं पॉवर जॅक बसवा. केबलला कुणाचा पाय लागला तर केबल निघते, मॉडेल खाली येत नाही. स्टँडची दांडी बॉडीत कुठं बसवायची ते दिवे, काड्या सगळं आत गेल्यावर बोटावर तोलून ठरवा. पितळामुळं तोल किटच्या मूळ भोकापेक्षा मागं सरकलेला असेल. आणि बॉडी बंद करण्याआधी दोन्ही सर्किटं सलग दोन दिवस चालू ठेवा, कच्चा सांधा असेल तर त्यातच उघडा पडतो.